८ ते १२ वयोगटासाठी फँटसी साहसकथा लिहितेय, वाचक चौथ्या प्रकरणात सुटतोय. मदत हवी आहे

निळी शाई
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. गेली अडीच वर्षं एक फँटसी कादंबरी लिहितेय, ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी. पहिला खर्डा झालाय, ४२ प्रकरणं, साधारण १ लाख १० हजार शब्द. थोडक्यात गोष्ट अशी की दारांचं एक शहर आहे, तिथे प्रत्येक दार कुठेतरी भलतीकडेच उघडतं, आणि इरा नावाची ११ वर्षांची मुलगी तिच्या हरवलेल्या धाकट्या भावाला, निमूला, शोधायला त्या शहरात जाते. बंद असलेली कुठलीही वस्तू तिला नुसतं टकटक करून उघडता येते. सोबत आर्यक नावाचे एक वृद्ध जादूगार आहेत.

बहिणीच्या मुलीला वाचायला दिली, ती १० वर्षांची आहे आणि भरपूर वाचते. चौथ्या प्रकरणात थांबली. आठवडाभर मी गप्प बसले, मग विचारलं तर म्हणाली "वाचते नंतर". अजून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "मावशी, ती अजून त्या शहरात पोचलीच नाहीये ना."

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. ही गोष्ट मला मनापासून नीट करायची आहे, त्यामुळे स्पष्ट बोललात तरी चालेल.

शिंपला
विषय फार आवडला, या वयोगटासाठी लिहिणाऱ्यांनी आपसात बोलणं खरंच गरजेचं आहे. मी मुलांच्या ग्रंथालयात काम करते, तिथलं बघून सांगते.

पहिलं म्हणजे लांबी. इंग्रजीत या वयाच्या कादंबऱ्या साधारण ३० ते ५० हजार शब्दांच्या असतात, फँटसीला जग उभं करायचं असतं म्हणून तिथे ६०-७० हजारांपर्यंत चालवून घेतात. पण हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात, "घरातल्यांसाठीसुद्धा" हा आपला एक शब्द झाला, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतात. म्हणजे तीच गोष्ट मराठीत कमी शब्दांत बसते, आणि तुमचे १ लाख १० हजार प्रत्यक्षात अजूनच मोठे आहेत.

दुसरं, ८ ते १२ हा कागदावर एक गट आहे पण आठ वर्षांचं मूल आणि बारा वर्षांचं मूल यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आठवीतलं नाही म्हणत मी, आठ वर्षांचं. ते अजून जोडाक्षरांशी झगडत असतं आणि बाराव्या वर्षीचं मूल मोठ्यांच्या कपाटाकडे बघायला लागलेलं असतं. यातलं नक्की कोण तुमच्या डोळ्यासमोर आहे? मुलं स्वतःपेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या मुलांबद्दल वाचायला तयार असतात, लहानांबद्दल सहसा नाही. इरा ११ ची असेल तर तुमचा खरा वाचक ९-१० चा.

वाटसरू
पहिल्या तीन प्रकरणांत काय काय आहे ते सांगाल का?

निळी शाई
शिंपला, प्रत्ययांचं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, आभार.

वाटसरू, पहिलं प्रकरण म्हणजे शहर कसं निर्माण झालं त्याची कथा. दुसऱ्यात दार बांधणाऱ्या सात घराण्यांचा इतिहास, कारण पुढे त्याचा संबंध येतो. तिसऱ्यात इराचं घर, शाळा, निमू हरवतो. चौथ्यात आर्यक येतात आणि तिला सगळं समजावून सांगतात.

वाटसरू
मग तुमची भाची बरोबर बोलली. पहिली दोन प्रकरणं ही तुमची टिपणं आहेत, गोष्ट तिसऱ्यापासून सुरू होते, आणि चौथ्यात ती परत थांबते कारण कोणीतरी व्याख्यान द्यायला आलंय. मी मुलांसाठी दोन कादंबऱ्या लिहिल्यात, दोन्ही वेळा मी हेच केलं होतं आणि दोन्ही वेळा सुरुवातीची पन्नासेक पानं काढावी लागली. ती पानं वाया जात नाहीत. तुम्हाला शहर माहीत असणं भागच आहे. पण वाचकाला ते दिसलं पाहिजे ते इराच्या पायांनी, ती एकेक दार उघडत जाईल तसतसं.

यावर मला नेहमी स्टीव्हन्सनची गोष्ट आठवते. १८८१ साली त्याने आपल्या शाळकरी सावत्र मुलाबरोबर खेळता खेळता एका बेटाचा नकाशा काढला आणि त्या नकाशातून 'ट्रेझर आयलंड' सुचली. आधी नकाशा, मग गोष्ट. पण मजा पुढे आहे. १८८३ ला पुस्तक निघायच्या वेळी तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे जाताना हरवला, आणि मग त्याला स्वतःचंच पुस्तक पहिल्यापासून वाचून, कुठे काय म्हटलंय त्याची यादी करून, कंपास घेऊन त्याबरहुकूम नवा नकाशा काढावा लागला. त्यानेच लिहून ठेवलंय हे. मी याची परीक्षा करून टाकलीय माझ्यासाठी. माझा नकाशा, माझी वंशावळ, सगळं उद्या हरवलं तर नुसत्या गोष्टीवरून ते परत काढता येईल का? येत असेल तर जग गोष्टीत उतरलंय, आणि येत नसेल तर ते अजून माझ्या वहीतच पडलंय असं समजायचं.

गोष्टवेडी
वाटसरू, थोडी असहमत. माझा मुलगा ११ चा आहे आणि त्याला असला इतिहासच आवडतो, कोणतं घराणं कधी कोणाशी लढलं हे तो तोंडपाठ सांगतो, पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची आधी वाचतो. सरसकट काढून टाका म्हणू नका प्लीज. अशी मुलं खूप असतात आणि त्यांना हे तपशील म्हणजे खजिना वाटतो.

वाटसरू
गोष्टवेडी, मान्य. पण तुमचा मुलगा कोणत्या पानापासून इतिहास पाठ करायला लागला ते त्याला एकदा विचारा. माझा अंदाज आहे की आधी त्याला त्यातलं कोणीतरी आवडलं असणार, आणि मग त्याच्या घराण्याचं सगळं जाणून घ्यावंसं वाटलं असणार. इतिहास ठेवा की, पण मूल मागेल तेव्हा द्या. निमू हरवलाय हे कळल्यावर सात घराण्यांपैकी कोणी नेलं असेल हा प्रश्न पडतो, तिथून पुढे तोच इतिहास वाचक स्वतःहून उकरेल.

गोष्टवेडी
विचारलं त्याला. तिसऱ्या पुस्तकापासून :) तुमचं म्हणणं पटलं.

पिंपळपान
शिक्षिका आहे, वर्गात रोज शेवटची १५ मिनिटं मोठ्याने गोष्ट वाचते, बरीच वर्षं. मुलं कुठे सुटतात ते मला पुस्तकाकडे न बघताही कळतं कारण आवाज बदलतो. वर्णन चार-पाच ओळींच्या पुढे गेलं की हळूच चुळबुळ सुरू होते. पण सगळ्यात जास्त कधी होते माहितीये? गोष्टीतली दोन मोठी माणसं एकमेकांशी बोलायला लागली की. मागच्या बाकांवर पेन्सिली पडायला लागतात. आणि तेच बोलणं एखादं मूल दाराआडून चोरून ऐकतंय असं असलं की तीच मुलं चिडीचूप, कारण आता पकडली जाईल का ही धाकधूक असते. बोलणं अक्षरशः तेच असतं.

निळी शाई, तुमच्या गोष्टीत मला काळजी वाटते ती आर्यकांची. शहाणा, सगळं माहीत असलेला, जादू येणारा मोठा माणूस सोबत असेल तर मुलांना करायला उरतं काय? या वयाच्या गोष्टीत मोठ्यांना बाजूला कसं करायचं हा खरंच पहिला प्रश्न असतो. म्हणून तर इतक्या गोष्टींतली मुलं अनाथ असतात. पण दरवेळी आईवडिलांना मारायची गरज नाही. मोठ्यांना ते दार दिसतच नाही, किंवा ते इतकं छोटं आहे की मोठे मावत नाहीत, किंवा त्यांनी कधीतरी शब्द दिलाय म्हणून ते उंबरठा ओलांडू शकत नाहीत. आई जिवंत आहे, प्रेमळ आहे, दाराच्या पलीकडे उभी आहे आणि तिला आत येता येत नाही, हे मला अनाथ असण्यापेक्षा कितीतरी जास्त हलवून जातं.

निळी शाई
पिंपळपान, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री एक काम केलं. सगळी ४२ प्रकरणं काढली आणि प्रत्येकापुढे लिहिलं की या प्रकरणात पुढे काय करायचं हे कोण ठरवतं. आर्यक २७. इरा ५. बाकी योगायोग किंवा खलनायक.

माझ्या नायिकेने अख्ख्या कादंबरीत पाच वेळा काहीतरी ठरवलंय. हे बघून बराच वेळ नुसती बसून होते.

हा नवव्या प्रकरणातला तुकडा देते, बघा:

"आर्यकांनी आपला दंड उंचावला. 'इरा, मागे हो,' ते गंभीर स्वरात म्हणाले. त्यांच्या मुखातून मंत्र उमटताच क्ष्माधरगडाचे ते प्रचंड महाद्वार करकरत उघडले. इरा विस्मयाने पाहत राहिली."

वाटसरू
मोकळेपणाने दाखवलंत म्हणून मोकळेपणाने सांगतो. "पाहत राहिली" हे शब्द फाइलमध्ये शोधा आणि किती वेळा येतात ते मोजा.

आणि बघा ना, तुमच्या मुलीला बंद वस्तू उघडता येतात. तीच तिची शक्ती. समोर पुस्तकातलं सगळ्यात मोठं बंद दार आहे. आणि ते उघडतंय कोण?

निळी शाई
३१ वेळा.

शिंपला
निळी शाई, हिरमुसू नका हो, हे सापडलं ही केवढी मोठी गोष्ट आहे! आता दुरुस्त करता येईल.

मला एक विचारायचंय, इराने टकटक केलं की उघडतं, ठीक, पण मग अडचण कुठेय? तिला कोणी कोंडूच शकत नाही. निमू ज्या खोलीत असेल तिथे जायचं, टकटक करायची, झालं.

वाटसरू
शिंपलाने नेमकं बोट ठेवलंय. जादूला किंमत हवी. ब्रँडन सँडरसन या अमेरिकन फँटसी लेखकाने २००७ मध्ये यावर एक लेख लिहिला होता, त्याचा गाभा असा की जादू वाचकाला जितकी नीट समजलेली असेल तितकीच ती वापरून लेखकाने पेच सोडवावा. वाचकाला नियमच माहीत नसतील तर शेवटी जादूने सुटका झाली की फसवल्यासारखं वाटतं, आणि मुलांना तर फारच, कारण मुलं खेळाच्या नियमांबाबत आपल्यापेक्षा कडक असतात. कोणी मधेच नियम बदलला की खेळ मोडतो त्यांचा.

किंमत म्हणजे नुसता थकवा नको. "जादू केली की तिला चक्कर यायची" हे इतक्या ठिकाणी वाचलंय, आणि चक्कर दोन ओळींत उतरते. किंमत अशी हवी की पुढच्या वेळी ती शक्ती वापरताना हात थबकला पाहिजे, आणि वाचणाऱ्या मुलाचाही.

कंदील
उशिरा आलो, पण भाषेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

तुमच्या त्या चार ओळींत "क्ष्माधरगड" आहे. तुमच्या भाचीने तो कसा वाचला? मुलं असं नाव आलं की डोळ्यांनीच उडी मारून पुढे जातात, मग दहा पानांनी तेच नाव महत्त्वाचं ठरतं आणि त्यांना आठवत नाही. अद्भुत म्हटलं की आपला हात आपोआप जड संस्कृत शब्दांकडे जातो. पण तुमचं शहर दारांचं आहे! मराठीत दाराभोवती किती सुंदर शब्द आहेत बघा: कडी, कोयंडा, खिट्टी, अडसर, बिजागरी, चौकट, उंबरा, झरोका. खलनायकाच्या गडाचं नाव "अडसर" असेल तर दहा वर्षांचं मूल ते एका झटक्यात वाचेल, आणि कोणी न सांगता त्याला कळेल की हा गड वाट अडवणाऱ्याचा आहे. पहारेकऱ्यांना कोयंडे म्हणा. शहराच्या काठावरची वस्ती उंबरा. आजी-आजोबा वाचून दाखवत असतील तर तो अर्थ त्यांनाही भेटेल.

दुसरं, मराठीत प्राणी निर्माण केलात की त्याचं लिंग ठरवावंच लागतं, क्रियापद सोडतच नाही. इंग्रजीत लिहिणारा शंभर पानं ते झाकून ठेवू शकतो, आपण दुसऱ्या वाक्यात अडकतो. पण आपल्याकडे "ते" आहे! अनोळखी, धुक्यातून येणारं काहीतरी "ते" असतं, जवळ आल्यावर, त्याची ओळख पटल्यावर "ती" होते. नुसत्या क्रियापदाच्या बदलाने भीती उतरते आणि मैत्री सुरू होते. तू आणि तुम्हीचंही तसंच. इरा आर्यकांना अहो-जाहो करते ना? ज्या क्षणी ती रागाने "तू खोटं बोललास" म्हणेल तो प्रसंग वेगळा रंगवावाच लागणार नाही.

तिसरं, निवेदन. "करकरत उघडले" पेक्षा "करकरत उघडलं". हे पुस्तक कोणीतरी मोठ्याने वाचणार आहे. तुम्ही स्वतः सगळं मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करा.

निळी शाई
कंदील, "ते" ची "ती" होते हे वाचून अंगावर काटा आला. भाचीला विचारलं, ती त्या गडाला मनात "क्ष वाला" म्हणत होती.

माऊ
वाचनखूण साठवली आहे. एक आईची शंका. किती घाबरवायचं? माझी मुलगी ९ ची, एका गोष्टीने चार रात्री झोपली नव्हती.

पिंपळपान
माऊ, माझा वर्गातला अनुभव असा की मुलांना भीतीपेक्षा अधांतरी राहिलेलं जास्त छळतं. राक्षस कसा का असेना, कोणीतरी त्याच्याबद्दल काहीतरी करतंय हे दिसलं की मुलं सोसतात. पण लहान भाऊ अंधारात रडतोय आणि प्रकरण तिथेच संपलं, आणि मी पुस्तक मिटलं शुक्रवारी, तर सोमवारी पालक भेटायला येतात. आता मी आठवड्याच्या शेवटी वाचताना बघून थांबते. लिहिणाऱ्याने एवढं करावं की प्रकरणाच्या शेवटी उत्सुकता खुशाल ताणावी पण मुलाला एखादी आशेची दोरी हातात द्यावी. दाराखालून येणारा उजेड एवढंही पुरतं. आणि गोष्टीतल्या कुत्र्याला काही करू नका, माझं ऐका.

गोष्टवेडी
मुलाला हा धागा वाचून दाखवला तर त्याला प्रतिसाद द्यायचाय, तो सांगतोय तसं टाइप करते:

"शेवटी ते स्वप्न होतं असं निघालं की मला खूप राग येतो. आणि मोठा जादूगार शेवटी येऊन वाचवतो तेव्हा वाटतं मग तू आधी का नाही आलास. आणि त्याला सगळं माहीत असतं पण वेळ आल्यावर सांगेन म्हणतो ते पण नाही आवडत. विनोद हवेत, भीतीच्या मधे मधे. भाऊ चांगला आहे पण तो भांडतो का? भाऊ भांडतातच."

वाटसरू
वर चाललेल्या सगळ्या चर्चेपेक्षा जास्त कामाचं आहे हे. त्याला माझा नमस्कार सांगा. 'द हॉबिट' छापायचं की नाही हे ठरवताना प्रकाशकाने १९३६ मध्ये आपल्या १० वर्षांच्या मुलाला हस्तलिखित वाचायला दिलं होतं, एक शिलिंग देऊन. त्याने अहवाल दिला की चांगलं आहे, ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आवडेल. स्वतः दहाचा! पुस्तक पुढच्या वर्षी आलं.

निळी शाई
तीन आठवड्यांनी येतेय, मधे इथे फिरकले नाही कारण लिहीत होते.

पहिली दोन प्रकरणं काढली. आर्यक आता उंबऱ्यापर्यंतच येतात, त्यांना शहरात पाऊल टाकता येत नाही, का ते इराला नंतर कळतं आणि तिथे ती त्यांना "तू" म्हणते. निमू भांडतो. हरवायच्या आधी दोघांचं जोरदार भांडण झालेलं असतं आणि इरानेच त्याला खोलीबाहेर काढून दार लावून घेतलेलं असतं, हे त्या ११ वर्षांच्या संपादकामुळे सुचलं आणि आता सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

आणि किंमत सापडली. इराने एक दार उघडलं की शहरातलं दुसरं कुठलं तरी उघडं दार कायमचं बंद होतं, कुठलं ते तिला माहीत नसतं. आता सुरुवात अशी:

"इराने तिसऱ्यांदा टकटक केलं आणि आतली कडी आपसूक खाली पडली.
खोलीत निमू नव्हता. त्याची एक चप्पल होती, ओली.
ती उचलायला इरा वाकली, तेवढ्यात पाठीमागे धाड्कन आवाज झाला. ती ज्या दारातून आली होती तिथे आता नुसती भिंत होती, आणि भिंतीपलीकडून कोणीतरी हळूच म्हणालं, 'आता तूसुद्धा?'"

६८ हजारांवर आलेय, अजून काम आहे.

पिंपळपान
ओली चप्पल!! हे मी वर्गात वाचून दाखवू का?

कंदील
"आपसूक" आणि "धाड्कन" दोन्ही अगदी जागच्या जागी. "कोणीतरी म्हणालं" मधलं ते नपुंसकलिंग पण लक्षात आलं बरं का.

शिंपला
भाचीने वाचलं का?

निळी शाई
पिंपळपान, जरूर वाचा, आणि पेन्सिली पडल्या तर कुठे पडल्या ते नक्की सांगा.

शिंपला, वाचलं. अकराव्या प्रकरणापर्यंत एका रविवारात. मग येऊन विचारलं की इराने पहिलं दार उघडलं तेव्हा तिचं स्वतःचं बंद झालं, मग अडसरचं उघडलं तेव्हा कोणाचं? मी ते ठरवलंच नव्हतं. तिलाच विचारलं तुला काय वाटतं, तर क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "निमू जिथून पळणार होता ते."

वाटसरू, तुमची परीक्षा पण घेतली. माझी वही न दाखवता तिला शहराचा नकाशा काढायला सांगितलं. तिने अख्खं शहर काढलं, रंगवलं, उंबरा, बाजार, पूल, सगळं जागेवर. फक्त अडसर नदीच्या उलट्या काठावर काढला. मी म्हटलं चुकलं, तर तिने पान काढून दाखवलं, दुसऱ्या प्रकरणात इरा पुलावरून बघते तेव्हा गडाच्या मागून सूर्य उगवतो आणि नवव्यात त्याच पुलावरून बघताना गडाच्याच मागे मावळतो. तिचा नकाशा भिंतीला लावलाय आणि नववं प्रकरण उघडून बसलेय.